एक पाऊस जाव दे

धाकू साटमांच्या कमरेला दोन गोष्टी कायम असायच्या: काळा करगोटा आणि त्या करगोट्याला बांधलेली गच्चीची चावी. आंघोळीच्या वेळीही ती सुटत नसे. कुलपात चावी घातली की आधी फेस येतो आणि मग दार उघडतं, अशी थट्टा घाटकोपरच्या श्रमसाफल्य सोसायटीत चालायची. ती धाकूंच्या कानावर गेली होती. "फेस येऊ दे, चोर येता नये," एवढंच ते म्हणाले होते.

इमारत चार मजल्यांची, बिनलिफ्टची. साटम चौथ्यावर, थेट गच्चीखाली. चावी त्यांच्याकडे आली ती कर्तबगारीवर. काही वर्षांपूर्वी मोबाइलच्या टॉवरसाठी दोन माणसं गच्ची 'नुसती बघायला' आली होती. ती वर पोचल्याबरोबर धाकूंनी बाहेरून कुलूप ठोकलं आणि दारोदार विचारत खाली उतरले, "तुम्ही बोलावलंत? तुम्ही बोलावलंत?" कोणीच बोलावलं नव्हतं, निदान कबूल कोणी झालं नाही. ती माणसं सुटली, टॉवर टळला, आणि साटमांकडून चावी परत मागायची हिंमत त्यानंतर कोणाला झाली नाही.

संशय हा धाकूंचा स्वभाव नव्हता, दिनक्रम होता. दुधाची पिशवी ते उजेडाकडे धरून बघत. फोनवर कोणी "धाकू साटम बोलताय का?" असं गोड आवाजात विचारलं की "ते गावी गेलेत" म्हणून ठेवून देत. एकदा चौकात फुकट आरोग्य तपासणी होती. धाकूंनी एका टेबलावर रक्तदाब मोजून घेतला, टोपी काढून दुसऱ्या टेबलावर दुसऱ्या नावाने पुन्हा मोजून घेतला, आणि दोन आकडे जुळले नाहीत तेव्हा कुठे समाधानाने घरी आले.

पण आग असल्याशिवाय धूर निघत नाही. तरुणपणी ते लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. गेटवर सभा भरली, पुढाऱ्याने विचारलं, "संपाला कोण कोण आहे? हात वर करा!" नजर पोचेल तिथवर हात वर झाले. त्यात धाकूंचाही होता. पुढे गिरणीचा भोंगा बंद झाला तो झालाच. मग मालकाने हात वर केले, पुढाऱ्याने हात वर केले, ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांनीही हात वर केले. "आम्ही एकदाच वर केले, त्यांनी कायमचे," असं धाकू सांगत. तेव्हापासून कुठल्याही सभेत त्यांचा हात वर गेला नव्हता. रिक्षासुद्धा ते हात न करता नुसती ओरडून थांबवतात, असं त्यांची बायको रतन सांगायची. त्यात थोडी भर असेल, फार नाही.

दुसरा धडा चाळीने दिला. लालबागच्या खोलीत एके दिवशी एक सभ्य गृहस्थ मोजायचा टेप घेऊन आला. "फक्त माप घेतो, तुमचं मत काय ते सांगा," म्हणाला. माप घेऊन झालं, मत सांगून झालं, आणि चाळ गेली. शेजारचा दगडू परब संक्रमण शिबिरात वाट बघत बघतच गेला. धाकू बरीच वर्षं लटकून शेवटी घाटकोपरला आले, एका शाळेत पहारेकरी झाले, मग कांजूरच्या गोदामात. त्या काळात त्यांनी स्वतःपुरता नियम केला: कोणी मत विचारायला आलं की समजावं, ठरवून आलंय, आणि टेप घेऊन आलं की समजावं, उशीर झालाय.

या नियमाला एकच अपवाद होता, गाववालो. समोरचा माणूस देवगडकडचा निघाला आणि "गाववाल्यानू, खयचे तुमी?" असं बोलला की धाकूंचा चेहरा सैल व्हायचा. सोसायटीचे सेक्रेटरी देवदत्त नेरुरकर हे असे गाववाले. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, पहिल्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं, इस्त्रीचा सदरा. सोसायटीत ते सगळ्यांशी शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. साटमांच्या दारात आले की मालवणीवर उतरत. धाकूंना एवढं पुरत होतं.

*

सगळं सुरू झालं उन्हामुळे. चौथ्या मजल्यावर मार्चपासून भट्टी पेटायची. दुपारी पंखा लावला की वरची गरम हवा अंगावर येई, न लावला तर जीव गुदमरे. गेल्या वैशाखात रतन स्वयंपाकघरात तव्यासमोर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी बजावलं, यांना गारव्यात ठेवा. चौथ्या मजल्यावर गारवा आणायचा कुठून? मग रतनने स्वतःच उपाय काढला. जेवणं आटपली की चटई काखेत मारून ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्याच्या वळणावर जाऊन आडवी व्हायची. तिथे जाळीतून वारा येई. तोंडावर पदर घेऊन ती निजायची आणि येणारे-जाणारे बाजूने पाय टाकत.

धाकूंना त्याची लाज वाटायची. "लोक काय म्हणतले? साटमाची बायल जिन्यात निजता!"

"लोक काय म्हणतले ता माका दिसणा नाय, तोंडार पदर असता," रतन म्हणायची.

यंदा फाल्गुनातच तिने सांगून टाकलं, "ह्या उन्हाळ्यात मी हय रवचंय नाय. पाडव्याक गावाक बहिणीकडे जातंय. आणि एकदा गेलंय काय परत येयन असा धरून चलू नकात. माझा आता वय नाय रवला भाजून घेवचा."

धाकूंनी ते हसण्यावारी नेलं. पण कपाटावरची जुनी ट्रंक खाली आलेली त्यांनी पाहिली, आणि रात्रीचा भात त्यांना गोड लागला नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या शर्मिष्ठा टिपणीसने सभा बोलावली. शर्मिष्ठा कॉलेजात विज्ञान शिकवायची, नुकतीच कमिटीवर आली होती. रविवारी सकाळी, तळमजल्यावर गणपती बसतो त्या जागेत खुर्च्या मांडल्या. ती उभी राहून म्हणाली, "उन्हाळा दर वर्षी चढतोय. जगाचं जग बघेल, आपल्या इमारतीपुरतं आपण काय करू शकतो? जिन्यातले दिवे माणूस आला की लागतील असे बसवू. पंप वेळ ठरवून चालवू. आणि गच्चीला ऊन परतवणारा पांढरा थर देऊ. पण आधी मला सगळ्यांची मतं हवीत."

'मतं' हा शब्द ऐकताच धाकूंनी कमरेची चावी चाचपली.

तळमजल्यावरच्या हर्षदचं स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान होतं आणि जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "मत घे ना, फुकट आहे. पण समोरच्या टॉवरमध्ये भर दुपारी लॉबीत झुंबर पेटतं, त्याला कोण विचारणार? पृथ्वी काय आमच्या ट्यूबलाइटने तापली, यार?"

"नाक्यावरची झाडं तोडली तेव्हा कुणी मत विचारलं होतं?" तिसऱ्या मजल्यावरच्या अनुपमाने सुरात सूर मिसळला. "आता माझा पंखा किती नंबरवर ठेवायचा, त्याला मात्र मत!"

"ते आपोआप लागणाऱ्या दिव्यात कॅमेरा नाही ना?" मागून कोणीतरी विचारलं. "नाहीतर कोण किती वाजता आलं त्याचा बोभाटा!"

"आणि पंपाची वेळ कोणाच्या सोयीने? ज्याच्या घरी वॉशिंग मशीन, त्याच्या?"

"वीज वाचवली म्हणून बिल कमी येतं का कधी? इकडून कमी करतात, तिकडून लावतात."

शर्मिष्ठा एकेकाला उत्तर देत होती. कॅमेरा नाही, वेळ सगळे मिळून ठरवू. पण उत्तर ऐकण्यात कोणाला रस नव्हता, शंका काढण्यात होता.

"आणि गच्ची गार झाली तर गार होणार चौथा मजला," हर्षद म्हणाला. "तळमजल्याला काय, वरून आशीर्वाद?"

सगळे हसले. धाकू हसले नाहीत. ते बसूनच बोलले, "तेच मी विचारतोय. माझं घर गार करायची खालच्यांना एवढी घाई कधीपासून? इतकी वर्षं मी वर भाजतोय, कोणी बाजूला कांदा तरी आणून ठेवला?"

"काका, हे फक्त तुमच्यासाठी नाहीये..."

"मग कोणासाठी?"

शर्मिष्ठा क्षणभर थांबली. साध्या प्रश्नावर शिकलेलं माणूस थांबलं की धाकू त्याची मनात नोंद करत. पंधरवड्यानंतर पुन्हा बसू आणि हात वर करून ठरवू, असं म्हणून सभा संपली. हात वर करून! धाकूंनी तीही नोंद केली.

*

दोन दिवसांनी शर्मिष्ठा एका माणसाला घेऊन वर आली. त्याच्या एका हातात कपाळाला लावून ताप बघायचं करोनातलं पिस्तूल होतं. दुसऱ्या हातात टेप होता.

टेप बघून धाकूंनी मनात म्हटलं, उशीर झालाय.

तिने पिस्तूल त्याच्याकडून घेऊन छताकडे रोखलं. "बघा काका, छत किती तापलंय. गच्चीवर काळं डांबर आहे ना, ते सगळं ऊन पिऊन घेतं."

ते काळं डांबर ही धाकूंच्या आयुष्यातली एकमेव जिंकलेली लढाई होती. पूर्वी पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात तीन पातेली मांडावी लागत. सोसायटीशी भांडून भांडून त्यांनी गच्चीवर डांबरी शीट घालून घेतली होती आणि पातेली फडताळात परत गेली होती. तेच डांबर आपल्या बायकोला भाजतंय, हे त्यांनी एका पिस्तुलाच्या सांगण्यावरून कसं मानावं?

"बघू इकडे," म्हणून त्यांनी यंत्र हातात घेतलं. स्वतःच्या तळव्यावर धरलं, फ्रिजच्या दारावर धरलं, देव्हाऱ्यातल्या गणपतीवर धरलं. आकडा दर वेळी वेगळा येत होता. "आत भरून ठेवलेले असतात," त्यांनी निकाल दिला.

"गणपतीचापण?" रतनने आतून विचारलं.

गच्चीवर तो माणूस टेपने मापं घेत होता आणि धाकू त्याच्या सावलीसारखे मागे होते. शीट ठिकठिकाणी उकललेली होती, दोन भेगांत बोट जाईल एवढी फट होती. हे त्या माणसाने दाखवलं, आणि ते त्याने दाखवलं म्हणूनच धाकूंना आवडलं नाही.

संध्याकाळी देवदत्त नेरुरकर वर आले. रतनने चहा दिला. चपला काढून, मांडी घालून, अगदी घरच्यासारखे बसत ते म्हणाले, "गाववाल्यानू, सांगू नये, पण तुमी आपले म्हणान सांगतंय. पांढरो थर देवच्या आधी जुना डांबर खरवडून काढतत. एकदा डांबर गेला काय गच्ची उघडी. गळाक लागली काय पालिका इमारत धोकादायक म्हणान नोटीस लावता. मगे बिल्डर दारात हजर. समाजलास?"

धाकूंना लख्ख समजलं. डांबर, गळती, नोटीस, टेप, बिल्डर, शिबिर. सगळे मणी एका दोऱ्यात आले. "तरी मी म्हणतंय, ती पोरगी अशी गोड कित्याक बोलता!"

"चावी संभाळा," देवदत्त उठता उठता म्हणाले. "आणि माझा नाव खय काढू नकात."

ते गेल्यावर रतनने कप उचलले. "डांबर काढतले असा त्या बायने सांगल्यान?"

"असा कोण सांगता तोंडार?"

"मगे इचारा तिका."

"चोराक इचारूचा, चोरी करतंस काय म्हणान?"

रतन कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मग म्हणाली, "एक सांगा. रोज संध्याकाळी गच्चीर जातास, तेवा टाकीच्या ओट्यार बसतास. डांबरार कित्याक नाय बसणास?"

"डांबर चटके देता. ओट्याक चुनो लावलोहा, तो गार..." धाकू बोलता बोलता थांबले.

"हां," म्हणून रतन कप धुवायला गेली.

त्या संध्याकाळी धाकू ओट्यावर बसले खरे, पण त्यांना स्वस्थता नव्हती. एक पाय चुन्यावर, एक पाय डांबरावर ठेवून त्यांनी पाहिलं. डांबरावरचा पाय उचलून घ्यावा लागला. पण थर खरा असला म्हणून थर देणारी खरी ठरते का? चाळीच्या वेळी टेपवाल्याने घेतलेलं मापही अगदी बरोबर होतं.

*

पाडवा जवळ आला. ट्रंकेत लुगडी गेली, औषधं गेली. धाकू तिच्याभोवती घुटमळत, पण 'राहा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. राहा म्हणायचं तर कुठे राहा? या तव्यावर?

अशाच एका दुपारी रतन जिन्याच्या वळणावर चटई टाकून निजली होती. खालच्या वळणावर पावलं वाजली. देवदत्तांच्या घरात फोनला रेंज नव्हती, जिन्याच्या जाळीपाशी ती यायची. वर कोणीतरी म्हातारी पदर घेऊन पडलेली असते, हे त्यांच्या सवयीचं झालं होतं, जिन्यातल्या कुंडीइतकंच. शिवाय बोलणं इमारतीत कोणाला कळू नये म्हणून ते आपल्या मेव्हण्याशी मालवणीतून बोलत होते. मेव्हणा जागांच्या व्यवहारात होता. ज्या भाषेने धाकूंना जिंकलं तीच भाषा आडोसा म्हणून वापरताना, धाकूंची बायकोही त्याच भाषेची आहे, हे मात्र ते विसरले.

"नाय रे, त्या पांढऱ्याचा काय होवचा नाय," रतनने पदराआडून ऐकलं. "वरचो म्हातारो माझ्या मुठीत आसा. डांबर उकललाच हा. तू फक्त एक पाऊस जाव दे. गच्ची गळली काय बिल्डिंग आपसूक धोक्यात. मगे कोण नाय म्हणता ता बघूया."

फोन संपला, पावलं खाली गेली. रतन घोरण्याचा आवाज काढत पडून राहिली. मग चटई गुंडाळून चार मजले चढावेत तशी ती दीड मजला चढली.

धाकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू झोपी होतंस. सपान पडला असतला."

"सपनात सेक्रेटरी येवक मी देवाचा काय वाकडा केलंय?"

"गाववालो आसा तो, रतन!"

"दगडू परबाची खोली कोणी लाटल्यान? लाटणारोय गाववालोच होतो."

धाकू खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. जगातल्या एकाच माणसावर संशय घ्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि तोच निघाला तर मग त्यांचा नियम कसला? त्यापेक्षा बायकोला स्वप्न पडलं हे बरं होतं. पण संशयाला गाव नसतं. तो आता आत शिरला होता आणि त्याला बाहेर काढायला धाकूंना एकच रीत माहीत होती. दोन टेबलांवर रक्तदाब मोजायची.

संध्याकाळी ते पहिल्या मजल्यावर गेले. देवदत्तांनी हसून आत घेतलं, चहा आला.

"गाववाल्यानू, तुमचा माका पटला," धाकू म्हणाले. "पांढरो नको म्हणजे नको. पण डांबर फाटलाहा, ता मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणान मी म्हणतंय, आपण नवाच डांबर घालून घेवया. परवाच्या सभेत मीच विषय काढतंय. तुमी पाठिंबो देवा."

धाकू कप ओठाला लावून देवदत्तांकडे बघत होते. ज्याला डांबराची एवढी काळजी, तो माणूस या बोलण्यावर खूश व्हायला हवा होता.

देवदत्तांनी बिस्किटांची बशी उगाच सरळ केली. "घाई कित्याक? आता घातला काय उन्हान परत उकलतला. एक पाऊस जाव दे. खय गळता ता बघूया, मगे सावकाश ठरवूया."

एक पाऊस जाव दे. अगदी त्याच शब्दांत.

धाकू कप खाली ठेवणार होते. पण अर्धा कप टाकून उठलो तर याला कळेल, म्हणून धाकूंनी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला, बिस्कीटही खाल्लं, "बरोबर, बरोबर," म्हणाले आणि बाहेर पडले.

वर जाता जाता ते दुसऱ्या मजल्यावर थांबले. शर्मिष्ठाने दार उघडलं.

"डांबर काढणार काय तुम्ही?" त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"डांबर? नाही हो काका. कोण म्हणालं? भेगा भरायच्या आणि त्यावरच पांढरा थर द्यायचा. ऊनही परततं, पाणीही आत येत नाही."

"कोण म्हणालं ते राहू दे. तो टेपवाला कुणाचा?"

"रंगवाला आहे तो. किती रंग लागेल ते मोजायला नको?"

"हवं," धाकूंनी कबूल केलं. "पण पुढच्या वेळी त्याला सांग, टेप खिशात घालून वर यायचं. टेपापायी माझी एक खोली गेलीय." दोन पायऱ्या चढून ते वळले. "आणि सभेत तू म्हणालीस, फक्त माझ्यासाठी नाही. मग कोणासाठी, ते नाही सांगितलंस."

शर्मिष्ठा कानकोंडी झाली. "खरं सांगू? काकी रोज माझ्या दाराच्या वरच्या वळणावर चटई टाकून निजतात. ते चारचौघांत कसं बोलणार होते मी?"

धाकू वर निघाले, आणि त्या वळणावर जागा रिकामी असूनही बाजूने पाय टाकत गेले.

*

सभेच्या दिवशी गणपतीच्या जागेत गर्दी होती. रतनही खाली आली होती, कधी नव्हे ती. दुसऱ्या दिवशीची तिची कोकणची गाडी होती.

पुन्हा तेच वाद झाले. जिन्यातल्या दिव्यांवर लोक बऱ्यापैकी राजी झाले, पंपावर पुन्हा भांडले. गच्चीचा विषय निघाला तसे देवदत्त उभे राहिले आणि आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "सभासद हो, माझा व्यक्तिशः विरोध नाही. परंतु ज्यांच्या मस्तकावर ही गच्ची आहे, त्या साटमकाकांनाच हा प्रस्ताव मान्य नाही. चावीही त्यांच्याजवळ आहे. तेव्हा घाई न करता आपण पावसाळ्यानंतर विचार करावा, हे उचित."

"झालं! काका बोलले म्हणजे विषय संपला," हर्षद म्हणाला.

धाकू उभे राहिले. सभेत उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती, आवाज चिरकला. "सेक्रेटरीसाहेब, परवा तुम्ही मला एक मालवणी वाक्य बोललात. हर्षदला, अनुपमाताईंना कळेल असं जरा मराठीत सांगा. 'एक पाऊस जाव दे' म्हणजे काय?"

देवदत्तांचा चेहरा उतरला. "म्हणजे... एक पावसाळा जाऊ द्यावा."

"कशाला जाऊ द्यायचा?"

"पाहणी... पाहणी करण्यासाठी."

"फाटलेलं डांबर डोळ्यांना दिसतंय. पावसात पाहणी ती कसली? माझ्या स्वयंपाकघरात पाणी किती पडतं ती? का इमारतीला नोटीस कधी लागते ती?"

बसलेल्या लोकांत कुजबुज सुरू झाली. नोटीस हा शब्द पडला की उपनगरातल्या कुठल्याही जुन्या इमारतीत माणसं खुर्चीत ताठ होतात.

"ए, थांबा थांबा," हर्षद उठलाच. "नेरुरकरसाहेब, तुमचे मेव्हणे बिल्डरांची कामं करतात ना? दिवाळीत कार्ड देऊन गेले होते माझ्या दुकानात."

"याचा इथे काय संबंध? हा माझ्यावर अकारण संशय आहे!"

"संशय माझ्यावर सोडा," धाकू म्हणाले. "ते खातं माझं आहे."

मोठा हशा झाला, आणि त्या हशात देवदत्त खाली बसले. चोरी सिद्ध झाली नव्हती. तसं म्हटलं तर हातात होतं ते एक वाक्य आणि एक कार्ड. पण देवदत्त इस्त्रीच्या सदऱ्याची बाही सारखी करत बसले. शर्मिष्ठाने घसा साफ केला. "गच्चीला पांढरा थर द्यायचा, याच्या बाजूने कोण कोण? हात वर करा."

तळमजल्याचा पहिला हात हर्षदचा गेला. "आशीर्वाद तर आशीर्वाद, पण बिल्डर नको," तो म्हणाला. अनुपमाचा गेला. एकेक करत खुर्च्यांवर हात उगवले. धाकू उभेच होते. त्यांचा उजवा हात कमरेच्या चावीवर होता. बोटं तिथून सुटत नव्हती. त्या गेटवरही अशीच उन्हाची वेळ होती, असेच हात होते.

"अवो," रतन शेजारून हळूच म्हणाली. "माझी ट्रंक अजून बांधलेली नाय हां. नुसता झाकण लावलंय."

धाकूंनी करगोट्याची गाठ सोडायला घेतली. साबणाने ती आवळून बसली होती. सुटेपर्यंत सभा थांबून राहिली. मग चावी मुठीत धरून त्यांनी हात वर केला.

शर्मिष्ठाने मोजलं, ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं. हात खाली आले, खुर्च्या सरकल्या, लोक घराकडे वळले. धाकूंचा हात मात्र वरच होता.

"काका, मोजून झालं. खाली घ्या आता," हर्षद म्हणाला.

"घेतो," धाकू जाणाऱ्या एकेकाच्या पाठीकडे बघत म्हणाले. "आधी कोणाचा खाली आला, तेवढी नोंद करू दे."